देव्हाऱ्यातली बॅकअप टेप

मी एक जुनी बॅकअप टेप आहे. काळी, चौकोनी, तळहाताएवढी. पोटात भलीमोठी तपकिरी फीत गुंडाळलेली आहे. तुमच्या पोटात गेलेलं पचतं, माझ्या पोटात गेलेलं जसंच्या तसं राहतं. निदान माझ्या डब्यावर तरी तसं छापलं होतं.

टेक्सासमधल्या प्लेनो गावच्या एका कंपनीने मला विकत घेतलं. कंपनी हॉस्पिटलांना पलंग आणि व्हीलचेअर पुरवायची. कुणी काय मागवलं, कुठे पाठवायचं, हे सगळं सर्व्हरवरच्या एका डेटाबेसमध्ये होतं आणि तो सांभाळायची नागपूरची आसावरी. दर शुक्रवारी ती सर्व्हरची प्रत माझ्यावर उतरवायची आणि मला पर्समध्ये टाकून घरी न्यायची. ऑफिस जळलं, बुडालं तरी एक प्रत बाहेर सुखरूप हवी, असा नियम होता.

त्या वर्षी तिची आई, शोभनाताई, मुक्कामाला होत्या. "कांद्यांशेजारी काय ठेवतेस गं हिला?" म्हणत त्यांनी मला उचललं आणि थेट देव्हाऱ्यात ठेवलं. दसऱ्याला मला हळदकुंकू वाहिलं.

"आई, आत कुंकू जाईल ना!"

"जाऊ दे. तुझा व्हिसा नोकरीवर, नोकरी हिच्यावर. मग पूजा कुणाची करू, त्या मायक्रोवेव्हची?"

ऑफिसातही माझा मान होता. बॅकअप आहे की नाही हे बघायला तपासनीस आले की मॅनेजर संजय मला हातात उंच धरून दाखवायचा. तपासनीस यादीवर बरोबरची खूण करायचे आणि जेवायला जायचे.

पण मित्रांनो, मला एक दुखणं होतं. डेटाबेस दिवसरात्र चालू असायचा आणि चालू फाइल दिसली की कॉपी करणारा प्रोग्राम तिला वगळून पुढे जायचा. शेवटी हिरवा दिवा लावून 'काम पूर्ण' म्हणायचा. माझ्यावर सगळं होतं, तेवढा डेटाबेस नव्हता. हे मला माहीत होतं. पण टेपला कुणी वाचल्याशिवाय बोलता येत नाही.

आसावरीला शंका यायची. "संजय, एकदा हिच्यावरची प्रत परत सर्व्हरवर उतरवून बघू या ना. ऐन वेळी उघडली नाही तर?"

"त्याला वेगळा सर्व्हर लागतो यार. नेक्स्ट क्वार्टरला करू. हिरवा दिवा लागतोय ना?"

लागत होता. दर शुक्रवारी लागत होता आणि मी आतल्या आत ओरडत होते.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. सर्व्हरवरून जाणारा पाण्याचा पाइप फुटला आणि डिस्क भिजून मेल्या. बर्फाळ हायवेवरून आसावरी मला घेऊन आली. कोटही न काढता तिने मला मशीनमध्ये घातलं.

मी होतं नव्हतं ते सगळं दिलं. ऑफिसातल्या पॉटलक जेवणाचे फोटो दिले, पार्किंगच्या सूचना दिल्या, 'संकटासाठी आपण सज्ज आहोत' हे संजयचं प्रेझेंटेशन दिलं, तेही रंगीत. ऑर्डर एकही नाही.

"परत लाव," संजय म्हणाला. तिने परत लावली. मग स्वतःहून पुन्हा लावली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःला चाचपलं. मला जे कधी दिलंच नव्हतं, ते मी कुठून काढू?

संजयने मला बाहेर काढलं, कडेला नख घासलं. "हे लाल काय आहे?"

"कुंकू," आसावरी म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावर तेवढ्यात जीव आला. अहवालात कारण लिहिलं गेलं: टेप घरी हलगर्जीपणे ठेवली, आत लाल पावडर गेली. ज्या मशीनने मला एकही चूक न काढता वाचलं, त्याला कुणी विचारलं नाही. आसावरीची नोकरी गेली. नोकरीमागून व्हिसा गेला. मला कचऱ्यात टाकलं होतं. तिने टेबल आवरताना उचलून पर्समध्ये घातलं.

आता मी नागपूरच्या देव्हाऱ्यात असते. दसऱ्याला शोभनाताई कुंकू लावतात. आसावरी तेवढा वेळ स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते.

मित्रांनो, तुमच्या ऑफिसातही माझी भावंडं असतील. त्यांना फुलं वाहू नका, उंच धरून मिरवूही नका. सगळं सुरळीत चालू असताना, एखाद्या साध्या दुपारी त्यांना मशीनमध्ये घाला आणि विचारा, तुझ्या पोटात काय आहे? खरं तेच सांगू. मला तसं विचारलं, तेव्हा सर्व्हरमधून पाणी ठिबकत होतं.