माझा लाल दिवा गेला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना शंकेखोर आहे. कारखान्यात मला घडवलंच तसं. माझं नाव व्हेरिफायर, म्हणजे पडताळणी करणारं यंत्र. दिसायला लोखंडी टेबल, वर टाइपरायटरसारख्या कळा. आमच्या काळी संगणकाला माहिती भरवायची, तर जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडावी लागत. एक बाई कागद बघून भोकं पाडायची. मग तोच कागद आणि तेच कार्ड घेऊन दुसरी बाई माझ्यावर तीच अक्षरं पुन्हा दाबायची. दोघींचं जुळलं, तर मी कार्डाच्या कडेला खाच पाडत असे. नाही जुळलं, तर माझा लाल दिवा लागे आणि कळा आवळून बसत.

मी एका इस्पितळाच्या तळमजल्यावर होतो. भोकं पाडायला वहिनी आणि पडताळायला तिची सख्खी नणंद. ही नेमणूक कुणी केली ठाऊक नाही, पण माणूस विचारी असावा. भावजयीच्या चुका शोधायचा नणंदेला पगार मिळत होता. एरवी हे काम घरोघर फुकट चालतं.

"वहिनी, हे बघ. भाजीत मीठ आणि नावात अक्षर, दोन्ही तुझ्या हातून सुटतं."

"तुम्ही आहात ना वन्सं, दोन्ही चाखायला."

त्यांचं चाले हसतखेळत. मला मात्र सदा धाकधूक. रक्तगटांची कार्डं आली की माझे दाते थंड पडत.

एके दिवशी माझा दिवा जळाला. नणंदेनं साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "दिवा कशाला हवा? कळा अडकल्या की ही बाजूची कळ दाबून सोडवा आणि पुढे चला. यंत्रच ते, अडकायचंच." चूक दिसली की मी अडकायचं, आणि अडकलो की यांनी मला सोडवायचं!

आणि नेमका तेव्हाच दादा वरच्या मजल्यावर दाखल झाला. दादा म्हणजे वहिनीचा नवरा आणि नणंदेचा थोरला भाऊ. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटाचं ऑपरेशन होतं. रक्ताची बाटली आमच्या कार्डावरून निघे. पुढे आणखी कुणी तपासत असेलही, पण अशा भरवशावर मला झोप लागत नाही.

त्याचं कार्ड माझ्यात आलं. नणंदेनं रक्तगटाची कळ दाबली. जुळेना. मी सगळ्या कळा आवळल्या. दिवा लावायला जीव तोडून धडपडलो, पण जळलेली तार नुसती थरथरली. नणंदेचं बोट त्या बाजूच्या कळेवर गेलं. मला ओरडता येत नाही, हा माझ्या घडणीतला मोठाच दोष आहे.

"काय वन्सं, भावाच्याच कार्डावर अडकलात?" वहिनीनं हटकलं.

"मी नाही, हा ठोकळा अडकलाय. बी दाबलं तर घेत नाही."

"बी? अहो, ए आहे ह्यांचा!"

"माझ्या भावाचा रक्तगट तू मला सांगणार?"

"संसार कोण करतंय त्यांच्याशी?"

नणंदेनं तडक वॉर्डात फोन लावला. "दादा, तुझा रक्तगट काय रे? वहिनी म्हणते ए, मी म्हणते बी."

पलीकडून दादाचा आवाज मलाही ऐकू आला. "मला उद्या भूल देणार आहेत ना? शुद्धीवर आलो की सांगतो."

"भित्रा मेला!" म्हणत नणंदेनं फोन ठेवला. शब्द रोजचाच, पण त्या दिवशी तो तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. वहिनीही उठून माझ्यापाशी आली. तपासणीचा कागद माझ्या डोक्यावरच्या चिमट्यात, दोघींच्या नाकासमोर होता. आता कुठे त्यांनी तो वाचला.

कागदावर ओ होता.

घरचाच माणूस, त्याचा कागद काय वाचायचा, असं दोघींनाही वाटलं होतं. वहिनीनं नवं कार्ड केलं. नणंदेनं कागदावर बोट ठेवून एकेक अक्षर दाबलं. मी खाच पाडली. दादा बरा होऊन घरी गेला. रक्तगटाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

पण मी तेव्हापासून अस्वस्थ आहे. दोघी भांडल्या म्हणून निभावलं. दोघीही एकदिलानं "ए" म्हणाल्या असत्या, तर मी खुशाल खाच पाडली असती. खरं काय ते मला कळतच नाही. जुळतं की नाही, एवढंच कळतं.

पुढे पडदेवाले संगणक आले. माझ्या निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "यानं कधी तक्रार केली नाही." तक्रार करणं हेच तर माझं काम होतं! आता मी जिन्याखाली असतो, डोक्यावर मोडक्या खुर्च्या. तुमच्यासारखी मुलं येतात आणि विचारतात, "हे शिलाई मशीन का?" वरच्या मजल्यांवर म्हणे आता माहिती एकदाच भरतात. तीच सगळीकडे जाते आणि सगळीकडे जुळते. सगळे निर्धास्त असतात. मला इथे दरदरून घाम फुटतो. लोक त्याला गंज म्हणतात.

मित्रांनो, मला तेल नको, फडकंही नको. फक्त कुणी म्हणालं, "थांबा, माझं वेगळं येतंय," तर त्याला बाजूला सारून पुढे जाऊ नका. चिमट्यातला कागद बघा. घरच्या माणसाचा असेल, तर दोनदा बघा.