पाच कॅपांची ओळ

इंजिनाचा प्राण सिलिंडरात नसतो, तळाच्या पाच बेअरिंग कॅपांत असतो, असं हेमराज मिस्त्री गाभाऱ्यात उभं राहून बोलावं तसं सांगे. ऐकायला बहुधा चहावालाच असे, आणि तोही रिकामा कप परत न्यायला थांबलेला.

कॅप म्हणजे क्रँकला, इंजिनाच्या फिरत्या कण्याला, खालून ब्लॉकशी आवळून धरणारे बिडाचे तुकडे. साडीवाल्या मगनशेठना दीडशेच्या वर पळणारी गाडी हवी होती. शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर हेमराजने पांडेसऱ्याच्या गॅरेजात तिचा ब्लॉक उघडला. बोल्ट काढून जाड स्टड बसवले, कॅपांवर पोलादी पट्ट्या चढवल्या आणि सगळं आवळून आतली भोकं नव्याने एका रेषेत बोअर करून आणली. आता प्रत्येक कॅप फक्त आपल्याच जागी चालणार होती. दुसऱ्या कुणी त्यांवर नंबर ठोकले असते. "नंबर बघतो तो पोस्टमन," हेमराज म्हणे. तो कॅपा कागदावर ओळीने मांडी आणि ओळ तशीच राहील असं धरून चाले.

मग दसरा आला. त्याची बायको मालतीबाई गॅरेजात हत्यारं पुजायला आली. पाने, हातोड्या, कॅपा, सगळं तिने रॉकेलने धुतलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला.

"इथली ओळ कुठे गेली?" हेमराजने विचारलं.

"माले काय माहीत? देवासमोर मोठलं मधी ठेवतात."

"देवाला क्रँक नाही बसवायचा!"

"सणाच्या दिवशी शुभ बोला. जावईच चालवणार ना ती गाडी?"

लखन, त्यांच्या मुलीचा, सोनालीचा नवरा, मगनशेठचाच ड्रायव्हर होता. सोनालीला सातवा महिना होता.

दोन रुंद कॅपा लगेच ओळखू आल्या. उरलेल्या तीन बहिणी-बहिणींसारख्या. बसवायच्या सहा तऱ्हा, त्यांतली एक खरी. हेमराजने सहाही आवळून क्रँक हाताने फिरवून पाहिला. दोन तऱ्हांत तो मोकळा फिरला. पण हाताला दीडशेचा वेग नसतो. देवाचं नाव घेऊन त्याने एक तऱ्हा निवडली आणि इंजिन जोडून टाकलं.

चालू केल्यावर त्याने ब्लॉकला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडीला कान लावला. आत खोल काहीतरी ठोकत होतं. ते इंजिन होतं की स्वतःची छाती, हे त्याला सांगता येईना. मागे एकदा पळत्या ट्रकचा क्रँक तुटून तळ फोडून बाहेर आलेला त्याने पाहिला होता. ड्रायव्हरचं काय झालं ते मात्र कुणी त्याला पाहू दिलं नव्हतं.

"मामा, पलसाण्याच्या रोडवर काटा शेवटाला टेकवतो, बघाच," लखन म्हणाला.

तिसऱ्या दिवशी चाळीस वर्षांचं नाव हातात घेऊन हेमराज शेठच्या पेढीवर गेला.

"शेठ, गाडी पळवू नका. कॅपांची ओळ चुकली असेल. जावई जाईल माझा. मी पुन्हा खोलतो."

मगनशेठ साड्यांच्या नमुन्यांतून मान वर न काढता म्हणाले, "खोलवानी जरूर नथी. पळवणार कोण?"

"दीडशे म्हणाला होतात."

"ते होणाऱ्या व्याह्यांना सांगायला. त्यांनी पण गाडीचं हेच काम करून घेतलंय. आपली पोराच्या वरातीत लागेल, तोपर्यंत चावी माझ्याकडे."

तुळशीचं लग्न झाल्यावर वरात निघाली. लखनने गाडी बँडच्या मागे घातली. हॉल दोन किलोमीटरवर होता. पोचायला तीन तास लागले.