दहा सेकंद

चष्मेवाल्याने स्कॅनरचा खोका काउंटरवर आदळला.

"हाही परत घ्या."

दुकानदाराने आधी खोक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. पंधरा दिवसांतला हा दुसरा. पहिला सगळ्यात स्वस्तातला, दुकानदार नको म्हणत असताना नेलेला. दुसरा जरा बरा, पण तोही घासाघीस करूनच. स्वस्तात मस्त शोधायची खोड याची, आणि खापर फोडायला दुकानदार आयता समोर.

"आता काय झालं?"

"चेहरा धूसर येतो. मोठा केला की नाक कुठे, डोळे कुठे, पत्ता नाही."

"काच पुसली होती?"

"तीस वर्षं चष्म्याच्या काचाच पुसतोय मी. मला शिकवू नका."

चिडायला कारण होतं. महिन्यापूर्वी जेवता जेवता आई सहज म्हणाली होती, "तुझ्या बाबांचा चेहरा आठवेनासा झालाय रे." एवढं बोलून ती ताट उचलून गेली, आणि त्याने त्याच रात्री फोटोंचा डबा काढला. घरातला कॅमेरा बाबांचा. तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. त्यामुळे डबाभर फोटोंत सगळं गणगोत होतं आणि बाबा फक्त चारांत. फोटोही काडेपेटीएवढे. त्यातला एक मोठा करून आईसमोर धरायचा, एवढंच त्याला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच होत नव्हतं.

दुकानदाराने मुकाट्याने आतला महागडा स्कॅनर आणून जोडला.

"घेऊ नका हवं तर. बघा तरी."

चष्मेवाल्याने फोटो काचेवर पालथा ठेवला. दिव्याची पट्टी सावकाश सरकली. पडद्यावर चित्र उमटू लागलं तसा तो पुढे वाकला. आईच्या कानातले खडे दिसले. बहिणीच्या गुडघ्यावरची खपली दिसली. त्याच्या स्वतःच्या सदऱ्याची कॉलर एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने दुमडलेली. कडेला उभे असलेले बाबा मात्र धूसरच.

"आता मशीनला बोल लावू नका," दुकानदार म्हणाला. "त्याने खपलीसुद्धा दाखवली. हे गृहस्थच हललेत."

उरलेले तीनही फोटो घालून पाहिले. तिन्ही वेळा तेच. आता त्याला थेट बाबांचाच राग आला. चार फोटोंत एकदा तरी माणसाने स्थिर उभं राहावं की नाही?

दुकानदाराने पहिल्या फोटोची मोठी प्रत काढून हातात दिली. घरी ती आईच्या मांडीवर ठेवताना तो आधीच सांगून मोकळा झाला.

"नाही जमलं गं. चारही फोटोंत तसेच आलेत."

आईने चष्मा वर सरकवला. एकेकावरून तिची नजर फिरत कडेला गेली आणि तिथेच थांबली.

"टायमरचं बटण दाबून धावत यायचे ना," ती म्हणाली. "दहा सेकंद मिळायचे. तेवढ्यातही वाटेत थांबून तुझी कॉलर नीट करायचे. मग इकडे पोचतायत तोवर खटका पडायचाच."

त्याने वाकून फोटोतली आपली कॉलर पाहिली.

"आणि दरवेळी धापा टाकत विचारायचे, 'आलो का गं मी?'"

तिने त्या धूसर जागेवर बोट ठेवलं.

"आलात," ती म्हणाली.