चिठ्ठी लावलेली तार

टेबलाखाली गुडघे टेकून नानांनी विजेरी दातांत धरली आणि निळी तार हातात घेतली, तेव्हा सदऱ्याच्या खिशातलं ताईचं पत्र कुरकुरलं. पाच आठवडे ते तिथंच होतं. सदरा बदलला की पत्रही चष्म्यासारखं नव्या खिशात जायचं. दिवसातून एकदा तरी ते वाचलं जाई. उत्तर मात्र गेलं नव्हतं.

पत्र लहानच होतं. ताई राहायची ते घर मालक पाडणार होता. ‘डोळे दिवसा पुरतात, संध्याकाळी पुरत नाहीत,’ असं तिनं लिहिलं होतं. ‘तुझ्याकडे यावं असं मनात आहे. पुढच्या महिनाअखेरपर्यंत तुझा होकार आला तर सामान बांधते. नाहीतर इथल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी आहे, तिथं नाव घालते. संकोच करू नकोस. नाही म्हणालास तरी मी तुझी ताईच.’

आज सव्वीस तारीख. पत्र पोचायला तीन दिवस लागत. फोन करून काही उपयोग नव्हता. ताईच्या कानांनी डोळ्यांच्याही आधी राजीनामा दिला होता.

नानांना ती यायला हवी होती. पण या घरात ती यावी तरी कशी? छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवलेल्या या माणसाच्या घरात पुस्तकं वाढत गेली, कपाटं वाढत गेली आणि दिव्यांची तीन बटणं त्या कपाटांच्या पाठीमागे कायमची गाडली गेली. खोलीपासून न्हाणीघरापर्यंतची बोळकंडी भर दुपारीही अंधारी असे. नानांचं त्यावाचून अडत नव्हतं. त्यांच्या पायांना घर पाठ होतं. ताईनं मात्र चौथ्या पावलाला शब्दकोशांच्या चळतीवर कपाळमोक्ष करून घेतला असता.

म्हणून त्यांनी ते दिवे घेतले. पावलाची चाहूल लागली की आपोआप लागणारे. दुकानातल्या माणसानं येऊन बसवून दिले. सगळ्या दिव्यांचा कारभार एका पांढऱ्या डबीकडे होता आणि ती डबी एका निळ्या तारेनं इंटरनेटच्या राउटरला जोडलेली होती. आठ दिवस दिवे झकास चालले. पंधरा दिवस असेच चालले तर ताईला ‘ये’ म्हणून कळवायचं, असं नानांनी ठरवलं. नवव्या दिवशी त्यांनी तारांचा गुंता नीट आवरून ठेवला. त्याच संध्याकाळी डबीवरच्या तीन ठिपक्यांपैकी मधला विझला आणि दिवे कुणाचंच ऐकेनासे झाले.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. आवरल्यानं काही बिघडतं, हे त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

सोबतची पुस्तिका त्यांनी तीनदा वाचली. छपाईच्या दोन चुका सापडल्या, त्या पेन्सिलीनं दुरुस्त केल्या. डबी बंद करून तीस अंक मोजले, पुन्हा चालू केली. तारेची टोकं उलटसुलट केली. राउटरची चारही भोकं पालथी घातली. मग दुकानदाराशी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढून फोन केला. ‘आठ दिवसांत माणूस पाठवतो,’ असं तो म्हणाला होता. त्याला अठरा दिवस झाले होते. पुन्हा फोन करायचा म्हणजे त्याला खोटं पाडल्यासारखं होईल, म्हणून नानांनी केला नव्हता.

“नाना, तुम्ही आत शिरताय की बाहेर पडताय?”

दारात खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई उभ्या होत्या. हातावर नानांची उंची कमी केलेली पँट. टेबलाखालून त्यांना फक्त नानांचे तळपाय दिसत असावेत.

नानांनी विजेरी दातांतून काढली. “जरा तपासत होतो.”

“काय तपासताय? धूळ?”

“दिवे लागत नाहीत. म्हणजे डबीत काही दोष नसावा, माझंच काहीतरी चुकत असेल. पुस्तिकेप्रमाणे सगळं केलंय.”

“पुस्तिका लिहिणारा आला होता का तुमच्या घरी?” बाईंनी पँट खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि पदर खोचून सरळ जमिनीवर बैठक मारली. “सरका. मशीन म्हटलं की मला राहवत नाही.”

“तुम्हाला कशाला उगाच त्रास—”

“सरका हो.”

नाना सरकले. बाईंनी डबीच्या पाठीमागे बोटं नेली आणि डोळे मिटून चाचपलं, जणू कापडाचा पोत पाहतायत.

“तारेच्या टोकाचं हे बोंडूक हलतंय.”

“मी घट्ट बसवलंय.”

“टक झालं होतं का?”

“टक?”

“बॉबिन नीट बसली की टक होतं. नाही झालं तरी मशीन धावतं, पण टाका पडत नाही. दुसरी तार लावून बघितलीत?”

“बघितली. तिचंही तेच.”

बाईंनी तारेचं टोक बाहेर ओढलं आणि उजेडात धरलं. त्यावर कागदाची एक पट्टी गुंडाळून डिंकानं चिकटवलेली होती. पट्टीवर मोत्यांसारख्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं : ‘राउटरकडून दिव्यांच्या डबीकडे’. त्यांनी दुसरं टोक पाहिलं. तिथं ‘दिव्यांच्या डबीकडून राउटरकडे’.

“ही चिठ्ठी कुणी लावली?”

“मीच. गोंधळ नको म्हणून. आवरलं त्या दिवशी.”

“आणि त्या दुसऱ्या तारेला?”

नानांनी विजेरी बंद केली. मग म्हणाले, “तिला आधी लावली. मगच ती वापरली.”

बाईंना हसू आवरेना. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत राहिले. मग त्यांनी बोंडकाच्या पोटावरची प्लास्टिकची इवलीशी जीभ नानांना दाखवली. कागदाच्या तीन पदरांखाली ती दाबली गेली होती.

“हिचं तोंड बांधलंय तुम्ही. आता ती बोलेल कशी? आणि नाना, घरात डब्या दोन, त्यांच्यात तार एक. गोंधळ होणार तरी कसला?”

“हो,” नाना म्हणाले. “तेही खरंच.”

त्यांचे कान लाल झाले होते. बाईंनी कमरेच्या पिशवीतून दोरे कापायची छोटी कात्री काढली, थुंकीनं कागद ओला केला आणि कडेकडेनं खरवडायला लागल्या. एक टोक झालं, मग दुसरं. खरवडता खरवडता त्यांची नजर टेबलावरच्या कागदांकडे गेली.

“एवढं काय लिहिताय?”

“ताईला पत्र.”

“नऊ पानं?”

“नऊ नाही. एकच. नऊ वेळा.”

प्रत्येक पानाच्या समासात लाल शाईच्या खुणा होत्या. पहिल्या पानावर घराचं वर्णन होतं, तिसऱ्यावर दिव्यांचं, सहाव्यावर उशिराबद्दल क्षमा. प्रत्येक पान कुठंतरी मध्येच थांबलेलं.

“येणार आहेत का त्या?”

“कळवायचंय अजून. दिवे पंधरा दिवस नीट चालले की कळवणार होतो.”

“आणि सोळाव्या दिवशी बिघडले तर?”

  बाईंनी कागदाचा शेवटचा कपटा फुंकून उडवला आणि टोक डबीत सारलं.

टक.

दुसरं टोक त्यांनी नानांच्या हातात दिलं. “हे तुम्ही.”

नानांनी ते राउटरमध्ये हळूच सरकवलं, मग जरा जोर लावला. बोटांना तो आवाज आधी कळला, कानांना मागाहून. मधला ठिपका दोनदा लुकलुकला, विझला, आणि पुन्हा लागला तो तसाच राहिला.

बाई उठल्या आणि तडक बोळकंडीत गेल्या. एकेक पावलाला एकेक दिवा लागत गेला. शब्दकोशांची चळत, तिच्यावरची धूळ, कपाटांच्या फळ्या, सगळं लख्ख दिसायला लागलं. नाना दाराशी उभे राहून पाहत होते. लहानपणी ते रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली वाचत बसत. दिवा कोण जाळतंय, असं आतून विचारलं की ताई सांगायची, मी, आणि बोलणी खायची. तिच्या मांडीवर तेव्हा दाखवायला म्हणून एक फाटका मोजा असे. तो मोजा कधीच शिवून झाला नाही.

“नाना, ही चळत तेवढी हलवा,” बाई आतून ओरडल्या. “दिवा असला तरी माणूस अडखळेल.”

“हलवतो.”

“आणि पँट घालून बघा. लांब वाटली तर आणा.” त्या चपला घालता घालता थांबल्या. “कोपऱ्यावरची टपालपेटी पाचला उघडतात ना? साडेचार होऊन गेले.”

त्या जिन्यानं उतरल्याचा आवाज विरला. नाना टेबलाशी बसले. त्यांनी नऊही पानं एकावर एक नीट लावली आणि खणात ठेवली. मग एक कोरं कार्ड काढलं. लाल शाईचं पेन उजव्या हाताशी होतं, ते उचलून तेही खणात टाकलं.

‘ताई, ये. लगेच ये. खिडकीजवळची खोली तुझी. निघायचा दिवस कळव, मी स्टेशनवर येतो.’

पत्ता लिहिला. शाई वाळूही दिली नाही. बोळकंडीतून जाताना डोक्यावरचा दिवा लागला, तेव्हा ते दचकले. पायात चपला वेगवेगळ्या जोडांच्या आल्या होत्या, हे त्यांना रस्त्यावर कळलं. परत फिरावंसं वाटलं, पण ते फिरले नाहीत.

कोपऱ्यावर पोस्टाचा माणूस सायकल टेकवून किल्ल्यांचा जुडगा चाळत होता. नानांनी कार्ड पेटीच्या तोंडाशी धरलं आणि अर्ध्यावर त्यांचा हात थांबला. मजकूर पुन्हा वाचलाच नव्हता. चाळीस वर्षांत एक ओळ त्यांनी अशी जाऊ दिली नव्हती. आणि दिव्यांबद्दल लिहायचं तर राहूनच गेलं होतं.

“टाकताय ना, आजोबा?” पोस्टाचा माणूस म्हणाला. “का अजून काही लिहायचंय? थांबतो मी दोन मिनिटं.”

नानांनी कार्डाकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “एवढंच होतं.”

आणि त्यांनी बोटं सोडली.