काचनळीत मागे उरलेली मी इंटीन

मी इंटीन बोलतेय. नाव ऐकलं नसेल, लाजू नका. माझं मलाही इथे आल्यावरच कळलं.

प्रथिनं म्हणजे बारीक मण्यांच्या माळाच. एका जंतूच्या पोटात, अशाच एका माळेच्या मधोमध माझा जन्म झाला. माळ पुरी झाली की स्वतःला कापून बाहेर पडायचं आणि मागची दोन टोकं जोडून द्यायची, ही आमची घराण्याची रीत. सोयरीक जमवून जेवायलाही न थांबणाऱ्या मावशीसारखी.

माणसांनी माझं जोडणं काढून घेतलं, तोडणं तेवढं ठेवलं. आता मला हव्या त्या प्रथिनाला बांधतात. काचनळीतल्या पांढऱ्या कणांना मी घट्ट धरते, बाकी गाळ धुऊन जातो. मग आंबट द्रावण ओतलं की मी प्रथिनाला सोडते. ते निर्मळ होऊन खाली उतरतं, मी वरच.

आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईच्या वडिलांच्या अंगात एक प्रथिन बनतच नाही. तेच ती बनवत होती. कान देऊन ऐकायची मला खोडच आहे. बाटल्या धुणाऱ्या मामांना ती म्हणाली, "औषध व्हायला दहा वर्षं लागतील मामा, तोवर बाबा कुठले! पण एकदा कुपी त्यांच्या हातात द्यायचीय. रोज विचारतात, झालं का गं?"

ताई बाटल्या जागेवरून ओळखायची. डावी गाळ धुण्याच्या पाण्याची, उजवी आंबट द्रावणाची. चिठ्ठ्या लावायचा कंटाळा. त्या दिवशी मामांनी बाटल्यांची फळी पुसली. तेवढ्यात घरून फोन आला, बाबांना धाप लागलीय. ताईनं घाईनं डावी बाटली नळीत ओतली, तोटी बंद केली आणि पळाली.

आंबट लागलं. मी सोडत गेले. मला थांबणं कुठे येतं?

सकाळी तिनं धुवण समजून सगळं बेसिनमध्ये सोडलं. मी किती ओरडले! मग दुसरी बाटली ओतून दुपारपर्यंत वाट पाहिली. खाली नुसतं पाणी.

"मामा, बाटल्या हलवल्या होत्या?"

"पुसायला उचलल्या गं पोरी. ठेवल्या की परत."

ताईनं दोन्ही बाटल्या हुंगल्या. अदलाबदल झाली होती. "चूक माझीच. प्रथिन बनवणारे नवे जंतू वाढवायला आठवडा लागेल."

फोन वाजला. "हो बाबा, झालं. उद्या आणते."

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामांनी दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आणि खुर्चीत बसून डोळे पुसले. तेव्हा मला कळलं.

आता सोडा ओतून मला धुऊन काढतील. खुशाल काढा. पण ताई परत आली तर एवढं करा, 'झालं का गं?' असं तिला कुणी विचारू नका.