मानाचा लाल सोफा

मित्रांनो, मी एक जुना लाल सोफा आहे. मसोलीच्या एका मंडपवाल्याकडे माझा मुक्काम असतो. सागाचा सांगाडा आणि वर मखमल, असा मी तयार झालो तेव्हा माझा रुबाब काही औरच होता. लग्नात माझ्यावर नवरा-नवरी बसत, सभेत पाहुणे. पुढे मखमल विरली, तिथे रेक्झीन आलं, पण माझी जागा पहिल्या रांगेतच राहिली. त्या मानामुळे मी फुगून गेलो होतो.

गेल्या रविवारी सकाळी चिकूच्या वाडीत मंडप घालून मयुराचं गाणं ठेवलं होतं. शास्त्रीय संगीत शिकून ती पहिल्यांदाच गावात गाणार होती. तिला पहिले सूर शिकवले ते गोदूबाईंनी. सगळे त्यांना आत्या म्हणतात. लहानपणी मयुराचा गंधार, म्हणजे सरगमातला 'ग', नेहमी थोडा उतरायचा. तो आता नीट लागतो का, हे तिला आत्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. आत्यांचे कान मात्र वर्षागणिक मंद होत चाललेत, त्यामुळे पुढच्या वेळेचा भरवसा नव्हता.

आत्या आल्या त्या थेट मधल्या सतरंजीकडे निघाल्या. तिथून नीट ऐकू येतं, असं त्या म्हणाल्याही. पण कार्यक्रम ठेवणाऱ्या हरिश्चंद्रांनी त्यांचा हात धरला.

"आत्या, तुम्ही खाली बसलात तर लोक आम्हाला नावं ठेवतील. तुमची जागा पुढे."

आत्या संकोचून माझ्यावर बसल्या, आणि मला बरं वाटलं. हे सांगताना आज लाज वाटते, कारण मला ती जागा ठाऊक होती. मी स्टेजच्या अगदी पायाशी असतो. गाणं उंच स्टँडवरच्या स्पीकरमधून मागच्या लोकांकडे जातं आणि माझ्यापर्यंत पोचतो तो समोरच्या तबल्याचा दणका. आत्या पुढे वाकल्या, कानामागे हात धरला, शेवटी डोळे मिटून बसल्या. मागे सतरंजीवर लोक डोलत होते.

गाणं संपताच मयुरा खाली उतरून त्यांच्यापाशी बसली.

"आत्या, लागला ना गंधार?"

आत्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

"तबलाच आला गं कानावर. तुला मी ऐकलंच नाही."

मयुरा हसायला गेली आणि रडू लागली. हरिश्चंद्र हातातला हार धरून तसेच उभे राहिले.

मित्रांनो, कुणाला मान द्यायचा असेल तर आधी त्यांना विचारा, कुठे बसायला आवडेल. ते सतरंजीवर म्हणाले, तर सतरंजीवर बसू द्या. मी रिकामा राहिलो तरी चालेल.