उजवीकडून आलेला चेंडू

दचकू नका, अंगावर येणार नाही. मी एक चेंडू बोलतोय. दुकानात मला टेनिसचा चेंडू म्हणत, पण टेनिस कशाशी खातात हे मला आजवर कळलेलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. रबराच्या दोन वाट्या चिकटवल्या, वर पोपटी लव चढवली आणि डब्यात भरलं, एवढंच आठवतं. पनवेलच्या बाजारातून खांदा कॉलनीतल्या पोरांनी मला विकत घेतलं आणि तीन आठवडे बॅटने मनसोक्त बडवलं. मग एका रविवारी असा फटका बसला की मी थेट तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत गेलो आणि जाता जाता कोरफडीची कुंडी फोडली. खालचा आरडाओरडा एकदम थांबला. मला मागायला वर कोणी फिरकलंच नाही. कुंडी फुटली की चेंडू कोणाचाच नसतो, ही माणसांची तऱ्हा मी तेव्हा पाहिली.

गॅलरी रिनाताईंची होती. त्यांनी माती गोळा केली, मला नळाखाली धुतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. एक कमीच होता."

त्यांच्याकडे कापडी पिशवीत एकोणीस चेंडू होते. विसावा मी झालो. रिनाताईंचं काम मोठं मजेशीर. कंपन्यांत जाऊन मोठ्या माणसांना एकमेकांबरोबर काम करायला शिकवायचं! त्याला एजाइल म्हणतात. म्हणजे मोठं काम सहा महिने उरावर घेऊन बसायचं नाही. त्याचे लहान तुकडे करायचे, ते हातोहात पुढे द्यायचे आणि मधेमधे थांबून काय चुकतंय ते मोकळेपणी बोलायचं. हे सांगायला त्या भाषण देत नसत, आम्हाला पिशवीतून बाहेर काढत.

घरातून निघताना त्या दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे ज्यू घरांतल्या प्रार्थनेच्या छोट्या डबीला, बोटं लावून ती ओठांना टेकवत. दोन्ही हातांत सामान असलं तरी आधी पिशवी खाली ठेवत. शनिवारी त्या काम करत नसत, त्यामुळे आम्हालाही सुट्टी. मी हातांवरून माणसं ओळखतो. रिनाताईंचा हात कोरडा, उबदार आणि घाई न करणारा होता.

खेळ अगदी सोपा. सगळ्यांनी गोल उभं राहायचं. प्रत्येक चेंडू प्रत्येकाच्या हातातून गेला पाहिजे, आणि हातातून हातात देताना तो हवेतून गेला पाहिजे. शेवटच्याने तो बादलीत टाकायचा. वेळ दोन मिनिटं. खाली पडलेला चेंडू मोजायचा नाही. सुरुवातीला किती जमतील याचा अंदाज सांगायचा आणि प्रत्येक फेरीनंतर एक मिनिट आपसात बोलायचं. त्या मिनिटात रिनाताई तोंड उघडत नसत.

आता त्या गुरुवारची गोष्ट. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ एका इमारतीत बद्रुद्दीनसाहेबांचं ऑफिस आहे. बंदरावरच्या कंटेनरच्या गाड्यांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर तिथे बनतं. खेळाआधी चहा पिताना साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, काम दर वेळी लेट होतंय. मला एक माणूस कमी करायचाय. खेळात कोण कच्चा पडतो ते तुम्हाला दिसेलच. फक्त नाव सांगा, फैसला मी करतो."

रिनाताईंनी कपातला चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. "बघू," त्या म्हणाल्या.

मला रिनाताईंचा राग आला. अहो, मला कुंडी फोडल्याबद्दलही कोणी असं कोर्टात उभं केलं नव्हतं! आणि आता माझ्या पडण्यावर एखाद्याची नोकरी जाणार होती.

गोलात सातजण उभे राहिले. पहिली सफूरा, ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांची प्रमुख. शेवटून दुसरा मिथुन, बोलायला आणि हाताला दोन्हीकडे चपळ. शेवटी काशिरामकाका. काका पनवेलजवळच्या कोन गावचे, वय छप्पन्न. पूर्वी कंटेनर यार्डाच्या गेटवर नोंदी करायचे. ड्रायव्हर कुठलं बटण चुकीचं दाबतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही, म्हणून तयार झालेला प्रोग्राम बाहेर जाण्याआधी तपासायचं काम त्यांच्याकडे होतं.

"वीस," सफूराने अंदाज सांगितला. साहेब दारात वही घेऊन उभे राहिले.

पहिली फेरी सुरू झाली. मिथुनपर्यंत आम्ही सुसाट आलो. पण मिथुनने प्रत्येक चेंडू लगेच पुढे द्यायचा कंटाळा केला. चार-पाच साठवायचा आणि एकदम काकांच्या डाव्या बाजूने फेकायचा. काकांची धांदल उडाली. मी त्यांच्या मनगटावर आपटून कपाटाखाली गेलो. बादलीत पडले पाच.

मिथुन म्हणाला, "सगळे काकांकडेच पडतायत. त्यांनी बाहेर थांबलं तर?"

"प्रत्येकाच्या हातातून," रिनाताईंनी फळ्यावरच्या नियमाकडे नुसतं बोट दाखवलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काकांनी ते पाहिलं.

दुसऱ्या फेरीत काकांचा तळहात घामाने ओला होता. मी त्यातून निसटलो तेव्हा माझाच जीव कळवळला. या वेळी चार. मग बोलायचं मिनिट सुरू झालं.

सफूरा काकांजवळ गेली. "काका, तुम्हाला चेंडू कसा दिला तर बरं पडेल?"

काकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मला वाटलं, आता हे 'काय नाय, काय नाय' म्हणून गप्प बसणार. मी असतो तर गप्पच बसलो असतो.

"डाव्या डोल्यानं मला नीट दिसत नाय, पोरी," ते म्हणाले. "मोतीबिंदू हाय. आमी बोललो नाय कुनाला. उजवीकडून दे. आनि एकेक दे. एकदम टाकलं का मी गडबडतो. शुक्रवारी पन तसंच होतं. तुमी सगले आठवडाभर साठवता आनि सांजच्याला माझ्या अंगावर टाकता. सोमवारी सायेब विचारतात, काशिराम, झालं का नाय?"

मिथुन खाली बघायला लागला. आठवडाभराचं काम शुक्रवारी संध्याकाळी काकांकडे पाठवून तो सर्वांत आधी घरी जायचा. बाकीचेही काही वेगळं करत नव्हते. चार वर्षं हे चाललं होतं आणि विचारायला एक मिनिटही लागलं नव्हतं.

सगळ्यांनी जागा बदलल्या. मिथुन काकांच्या उजवीकडे आला. मी त्यांच्याकडे निघालो तेव्हा मिथुन "काका, आला" असं म्हणाला, आणि मी अलगद त्यांच्या तळहातात बसलो. हात अजून ओला होता, पण आता त्याने मला घट्ट धरलं. या फेरीत अठरा चेंडू बादलीत पडले. टाळ्या वाजल्या. काकांनी रुमालाने आधी मला पुसलं आणि मग स्वतःचे डोळे.

साहेबांनी रिनाताईंना बाजूला घेतलं. "डोळाच अधू आहे म्हणजे नाव कळलंच."

"नाव मी देणार नाही," रिनाताई म्हणाल्या. "मघाशी 'बघू' म्हणाले तिथेच माझं चुकलं. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आता तुम्ही एक फेरी काकांच्या जागी उभे राहा. आणि मिथुन, तू पहिल्यासारखाच टाक."

चष्मा लावून साहेबांना दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं. मिथुनने चार चेंडू एकदम टाकले. तीन खाली पडले आणि चौथा, म्हणजे मी, साहेबांच्या चष्म्यावर बसलो. हसू दाबताना सफूराला ठसका लागला. साहेबांनी वाकून मला उचललं. बराच वेळ ते मला हातात फिरवत राहिले.

"एक महिना," शेवटी ते म्हणाले. "एक महिना रोज थोडं थोडं काम काकांकडे द्या. मग बघतो."

रिनाताईंनी निघताना पिशवीत एकोणीसच चेंडू भरले. मला एका स्टीलच्या वाटीत, काकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांचा हात माझ्यावर क्षणभर थांबला. त्यांनी साहेबांसमोर चूक कबूल केली तेव्हाच माझा राग गेला होता, पण सांगणार कसं?

त्या महिन्यात मी फार काम केलं. कोणाचा कामाचा एखादा तुकडा तयार झाला की तो माणूस मला उचले, उजवीकडे येई, "काका, आला" म्हणे आणि मला टाके. काका तो तुकडा तपासून मला परत वाटीत ठेवत. दिवसातून सहा-सात वेळा तरी माझी उडी ठरलेली. काका मात्र दर शुक्रवारी कॅलेंडरकडे बघत.

महिना संपला त्या शुक्रवारी चार वाजता साहेब आले. एरवी ते दारातूनच काय ते ओरडून सांगायचे. त्या दिवशी दारात थांबले, खुर्च्यांना वळसा घालून काकांच्या उजवीकडे आले आणि वाटीतून मला उचललं.

"काका, आला."

काकांनी मला झेललं.

"डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घ्या," साहेब म्हणाले. "तेवढे दिवस तुमच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसणार नाही."

आज ती खुर्ची रिकामी आहे. काकांचं ऑपरेशन मंगळवारी झालं, सगळं नीट आहे असं सफूराला फोनवरून कळलं. माझी लव पार झडलीय, एका बाजूला रबर दिसायला लागलंय. क्रिकेटच्या कामाचा मी उरलेलो नाही. पण मला फेकून द्यायचं कोणाच्या मनात येत नाही, आणि मलाही आता या वाटीतून कुठे जायचं नाही. काकांची फार आठवण येते.

मिथुन काल म्हणत होता, "काका आले की आता डावीकडूनही टाकता येईल."

टाक की बाबा, मी कुठे नाही म्हणतोय! फक्त टाकण्याआधी त्यांना एकदा विचार.